हिवाळ्यात फ्लॅटटॉप नको, पायथ्याचे रान चाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत अलास्कातल्या हिवाळी सहलींवर आलेला लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे. पण त्यात अँकरेजजवळच्या फ्लॅटटॉपचे वर्णन ‘शहरापासून अर्ध्या तासावर, कुणालाही जमेल असा डोंगर’ असे केले आहे आणि शेजारी गुडघाभर बर्फात हसत उभ्या असलेल्या मंडळींचे छायाचित्र आहे. ते वाक्य जूनमधल्या डोंगराला लागू पडते, छायाचित्र मात्र हिवाळ्यातले आहे. हे वाचून कुणी जानेवारीत स्पोर्ट शूज घालून त्या डोंगरावर चढायला निघेल, अशी भीती वाटली, म्हणून लिहिते आहे.

मी अँकरेजमध्ये राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. ऑक्टोबरअखेरीस रस्त्यांवर पहिला बर्फ घट्ट झाला की आमच्याकडे मोडलेली मनगटे, मुरगळलेले घोटे आणि खुबे यायला सुरुवात होते, ती एप्रिलपर्यंत थांबत नाही. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः बर्फात चालते. त्यामुळे या वाटा मला दोन्ही बाजूंनी माहीत आहेत. लोकांनी या वाटांवर यावे असे मला मनापासून वाटते. फक्त कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेवर यावे, हे त्यांना आधी कळायला हवे.

अँकरेज हे जेमतेम तीन लाख वस्तीचे शहर. एका बाजूला कुक इनलेटची खाडी आणि दुसऱ्या बाजूला चुगॅचचे डोंगर. शेवटच्या घरांच्या मागेच चुगॅच स्टेट पार्क सुरू होते. सुमारे ४ लाख ९५ हजार एकरांचे हे उद्यान १९७० साली झाले, आणि ते व्हावे म्हणून इथल्या नागरिकांनी धडपड केली होती. त्या लोकांचे माझ्यावर ऋण आहे असे मी मानते. नोकरी आटोपून संध्याकाळी अर्ध्या तासात रानात पोहोचता येते, ते त्यांच्यामुळे.

याच उद्यानाच्या काठावर फ्लॅटटॉप आहे. उंची ३,५१० फूट. ग्लेन आल्प्सच्या वाहनतळावर गाडी लावली की माथा तिथून साधारण दीड मैल आणि १,३०० फुटांच्या आसपास चढ. अलास्कात सर्वात जास्त माणसे याच डोंगरावर चढतात. उन्हाळ्यात वाट आखलेली असते, मध्ये पायऱ्या आहेत, शेवटी खडकांवरून हात टेकत चढावे लागते. सह्याद्रीत फिरणाऱ्याला त्याचे काहीच वाटणार नाही. जूनमध्ये दिवस एकोणीस तासांहून मोठा असतो, तेव्हा रात्री जेवून डोंगर चढणारी माणसे इथे आहेत. दक्षिणायन सुरू होते त्या रात्री तर कित्येक जण माथ्यावरच मुक्काम करतात. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला दूर डेनाली, उत्तर अमेरिकेतले सर्वात उंच शिखर, दिसते. तेव्हा उन्हाळ्यात जरूर या आणि जरूर चढा.

हिवाळ्यात या डोंगराची वाट राहत नाही. पायऱ्या गाडल्या जातात, वारा बर्फ दाबून फरशीसारखा टणक करतो, आणि लोक वळणे सोडून सरळ नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या उभ्या अरुंद घळीतून, चढतात. आपल्याकडचे ट्रेकर ‘नाळ’ म्हटल्यावर लगेच ओळखतील. सह्याद्रीत नाळ म्हणजे बहुतेक वेळा चढायची वाट. बर्फाच्या डोंगरात मात्र नाळेतून बर्फ खाली येतो. वारा एका बाजूचा बर्फ उचलून सोंडेपलीकडे आडोशाला नेऊन टाकतो. तिथे त्याची जाड लादी तयार होते आणि खालच्या सैल थरावर ती नुसती टेकलेली असते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशा लादीला एका माणसाचे वजन पुरते. हिमस्खलनात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सुरू केलेले असते. पायाखाली एकदम काही बसल्यासारखा ‘व्हुम्फ’ आवाज आला, किंवा पावलापासून बर्फात चीर धावत गेली, तर त्याच क्षणी आल्या पावली मागे फिरायचे असते. फ्लॅटटॉपवर हिमस्खलनात माणसे गेलेली आहेत, आणि ती शहराच्या नजरेच्या टप्प्यात गेलेली आहेत.

माझ्या मते खरा धोका इथेच आहे. या डोंगरावर उभे राहिले की खाली सगळे अँकरेज दिसते. विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात, रस्त्यांवरचे दिवे दिसतात, फोनला रेंज असते. त्यामुळे मनाला वाटते, आपण गावातच आहोत, काही झाले तर कुणीतरी येईल. माणसे येतातच. इथले डोंगर-बचाव पथक स्वयंसेवकांचे आहे, रात्री-अपरात्री घर सोडून निघतात. पण त्यांनाही गाडीने वर यावे लागते आणि तिथून चालावे लागते. बर्फाखाली गाडलेल्या माणसाकडे पंधराएक मिनिटेच असतात. म्हणून तिथे ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे गटातल्या प्रत्येकाजवळ असावे लागते, आणि ते वापरायचा सराव त्याला असावा लागतो. सहलीला आलेल्या कुटुंबाकडे यातले काय असते?

लेखात असेही सुचवले आहे की स्नोशू, म्हणजे बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, भाड्याने घेतले की काम झाले. स्नोशूबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण ते फार सुंदर साधन आहे आणि त्याच्याविषयी गैरसमज खूप आहेत. या भूमीतल्या अथाबास्कन लोकांनी बर्च लाकडाची चौकट वाकवून, तिच्यात कातड्याच्या वाद्या विणून स्नोशू केले. शिकार, सापळे, प्रवास सगळे त्यांच्यावर चालायचे. आजचे ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असतात, पण तत्त्व तेच. माणसाचे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते आणि पाय मऊ बर्फात खोल रुतत नाही. मऊ, खोल, सपाट किंवा हलक्या चढाच्या बर्फासाठी ते आहेत. चवड्याखाली दाते असतात, त्यामुळे सरळ चढताना पकड मिळते. आडव्या उतारावर मात्र ते बाहेरच्या बाजूला घसरू पाहतात, आणि वाऱ्याने घट्ट केलेल्या कडक उतारावर तर ते पायातली अडचण होतात. तिथे लागतात क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लांब पोलादी दाते) आणि आइस ॲक्स (बर्फात रोवायची कुदळीसारखी कुऱ्हाड), आणि घसरल्यावर स्वतःला थांबवण्याची सवय. म्हणजे फ्लॅटटॉपसाठी हे साधनच चुकीचे आहे, आणि नेमके तेच आपल्या लेखात वाचकाच्या हाती दिले आहे.

मी रुग्णांना सांगते ते इथेही सांगते. स्नोशूवर पावले किंचित फाकवून टाकावी लागतात, नाहीतर एका स्नोशूवर दुसरा पडतो. त्यामुळे खुब्याच्या बाजूचे आणि मांडीच्या वरचे स्नायू दमतात. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही दुसऱ्या दिवशी जिना चढताना ते कळते. पहिल्यांदा चालणाऱ्याने नेहमीच्या अर्धेच अंतर ठरवावे. दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात आणि त्यांच्या टोकाशी रुंद चकत्या असाव्यात, नाहीतर काठी मुठीपर्यंत बर्फात जाते. उलटे पाऊल टाकू नये. मागे वळायचे असेल तर छोटा गोल घेऊन वळावे. एवढे सांभाळले तर साठी-सत्तरीची माणसेही हे मजेत करू शकतात. शहरातल्या निसरड्या फूटपाथपेक्षा मऊ बर्फातली सपाट वाट गुडघ्यांना आणि मनगटांना कितीतरी बरी, हे मी माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगते.

आणखी एक गोष्ट म्हणजे अँकरेजमध्ये हिवाळाभर मऊ बर्फच असतो असेही नाही. मधूनच उबदार वारे सुटतात, बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि वर्दळीच्या वाटा काचेसारख्या होतात. अशा दिवशी स्नोशू घरी ठेवायचे आणि बुटांना मायक्रोस्पाइक्स चढवायचे. रबरी पट्ट्याला साखळ्या आणि त्यांना बारीक खिळे, एवढेच ते असते. खिशात मावते. इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी स्वेटरच्या आधी ते घ्यायला सांगते.

मग जायचे कुठे? शहराच्या पोटातच फार नॉर्थ बायसेंटेनियल पार्क आणि त्याला लागून कॅम्पबेल ट्रॅक्ट आहे. स्प्रूस आणि बर्चचे रान, फारसा चढ नाही, डोक्यावर हिमस्खलनाचा उतार नाही. कॅम्पबेल क्रीक तिथून वाहते. गोठलेल्या काठांमध्ये मधूनमधून पाणी उघडे असते आणि तिथे डिपर नावाचा करडा, गुबगुबीत पक्षी कडाक्याच्या थंडीतही पाण्यात बुड्या मारताना दिसतो. मी त्याच्यासाठी तासभर एका जागी थांबू शकते. बर्फावर सशांचे ठसे असतात. इथल्या सशाचे मागचे पाय इतके रुंद आणि केसाळ असतात की त्याला निसर्गानेच स्नोशू दिलेले आहेत, आणि हिवाळ्यात तो पांढरा होतो. जरा वर, झाडांची रेषा संपते तिथल्या झुडपांत टार्मिगन नावाचे तित्तिरासारखे पक्षी दिसतात, तेही पांढरेशुभ्र.

शहराच्या उत्तरेला ईगल रिव्हरच्या दरीच्या शेवटी निसर्ग केंद्र आहे. तिथून निघणारी अल्बर्ट लूप ही तीनेक मैलांची वाट नवख्यांसाठी मला सर्वात आवडते. सपाट आहे, नदीपर्यंत नेते, आणि भोवतालचे डोंगर खालूनच इतके मोठे दिसतात की वर चढायची गरज वाटत नाही. एक्लुटना तलावाच्या काठची वाटही चांगली, मात्र तिथे गाडीने जायला वेळ जास्त लागतो. ज्यांना ग्लेन आल्प्सला जायचेच आहे त्यांनी वाहनतळाजवळच्या टेकाडावरून शहराचा आणि खाडीचा देखावा पाहावा आणि पॉवरलाइनच्या रुंद वाटेवर थोडे चालून परतावे. थोडेच. पुढे दरीत ती वाट हिमस्खलनाच्या उतारांखालून जाते. आणि वर ग्लेन आल्प्सला जाणारा रस्ता स्वतःच उभा आणि बर्फाळ असतो. भाड्याच्या साध्या गाडीने तिकडे जाऊ नये.

किनकेड पार्क हे आणखी एक लोकप्रिय ठिकाण. तिथल्या आणि इतर बऱ्याच वाटा हिवाळ्यात खास स्कीसाठी यंत्राने तयार करतात. या कामामागे नॉर्डिक स्कीइंग असोसिएशन ऑफ अँकरेज ही संस्था आहे आणि तिचे काम मोठ्या प्रमाणात देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते. जिथे ‘फक्त स्की’ अशी पाटी असेल तिथे चालत किंवा स्नोशूवर जाऊ नये. पाहुण्यांना वाटते, एवढा बर्फ पडलेला आहे, आपल्या चार पावलांनी काय होते. पण त्या पावलांचे खड्डे रात्री गोठतात आणि सकाळी वेगात येणाऱ्याची स्की त्यात अडकून गुडघा पिळवटतो. असे गुडघे मी हाताळलेले आहेत. स्की, पाय, सायकल सगळ्यांना मोकळ्या असलेल्या वाटा भरपूर आहेत, त्यांवर बाजूने चालावे.

मूसबद्दल लेखात एक ओळ आहे, ‘नशीब असेल तर मूसबरोबर फोटोही मिळेल’. कृपया ही ओळ पुन्हा छापू नका. मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वात मोठा प्राणी, मोठा नर सहाशे किलोच्या घरात जातो. हिवाळ्यात बर्फ खोल झाला की ते डोंगरातून शहरात उतरतात आणि चालायला सोप्या म्हणून आपल्याच दाबलेल्या वाटा धरतात. त्या काळात ते भुकेले आणि थकलेले असतात, माणसासाठी वाट सोडत नाहीत. जानेवारी १९९५ मध्ये इथल्या विद्यापीठाच्या आवारात, एका इमारतीच्या दाराशी, मूसने तुडवल्यामुळे एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला. कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे राहिले, ओठ चाटायला लागला, की समजावे तो अंगावर येणार. अस्वलापुढे पळू नये असे सांगतात, मूसपुढे मात्र पळावे आणि जाड झाडाच्या किंवा गाडीच्या आड जावे. खाली पाडलेच तर डोके झाकून अंगाचे मुटकुळे करून पडून राहावे, तो लांब जाईपर्यंत उठू नये. वाटेत मूस उभा असेल तर दुरूनच परत फिरावे, मग ठरवलेली वाट अर्धी राहिली तरी चालेल. त्याला खायला घालणे हा तर अलास्कात गुन्हाच आहे.

कपड्यांचेही सांगायला हवे. एका सहल कंपनीने पाठवलेली सामानाची यादी पाहुण्यांनी मला दाखवली. तिच्यात जीन्स, सुती टी-शर्ट आणि जाड जॅकेट होते. जीन्सला बर्फ लागतो, ती भिजते, मग गोठते. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबल्यावर तोच घाम अंग गार करतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर उबेचा थर, वर वारा अडवणारे काहीतरी, आणि चढाला लागण्याआधी एक थर काढून ठेवायचा, घाम आल्यावर नाही. आपल्याकडचे चांगले चालणारे लोक इथेच फसतात. ते वेगाने चढतात, भिजतात, आणि थांबले की कुडकुडतात. बर्फात हळू चालणारा माणूस जास्त शहाणा. पाण्याची बाटली उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ आधी बुडाशी धरतो आणि झाकण उघडते. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवावा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

आणि हेडटॉर्च तर हवीच. २१ डिसेंबरच्या सुमारास अँकरेजला सकाळी सव्वादहाच्या आसपास सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. आपल्या लेखात ‘दुपारच्या जेवणानंतर आरामात निघा’ असे लिहिले आहे. डिसेंबरात दुपारच्या जेवणानंतर निघालेला माणूस अंधारात परततो. हिवाळ्यातल्या वाटेसाठी निघायच्या वेळेपेक्षा परत फिरायची वेळ आधी ठरवावी आणि ती सगळ्यांनी पाळावी, माथा समोर दिसत असला तरी.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर मराठी पर्यटकांनी बर्फासाठी डिसेंबर-जानेवारी धरून बसू नये, मार्चमध्ये यावे. तेव्हा दिवस बारा तासांच्या घरात गेलेला असतो, उन्हाला थोडी ऊब असते आणि रानात बर्फ भरपूर टिकलेला असतो. अस्वले तेव्हा अजून बहुतेक झोपलेलीच असतात. मार्चच्या पहिल्या शनिवारी इडिटरॉड या कुत्र्यांच्या स्लेज शर्यतीचा प्रारंभ-सोहळा शहराच्या मुख्य रस्त्यावर होतो आणि स्लेज शहरातल्या वाटांवरून कॅम्पबेल ट्रॅक्टकडे जातात. त्याच रानात दुसऱ्या दिवशी स्नोशू घालून चालता येते. मोठ्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका मार्चमध्येही असतोच, पण मी सांगितलेल्या खालच्या वाटांना त्याची झळ नाही. दक्षिणेला तासाभरावर टर्नअगेन पास आहे. तिकडे जाणाऱ्यांसाठी चुगॅच नॅशनल फॉरेस्टचे हिमस्खलन केंद्र हिवाळ्यात अंदाज प्रसिद्ध करते. तो वाचल्याशिवाय तिकडच्या उतारांवर पाऊल ठेवू नये, आणि वाचून नीट समजला नाही तर त्या दिवशी खालच्या रानातच चालावे.

त्याच रस्त्यावर खाडीकाठी ओहोटीला मोकळा पडलेला करडा चिखल दिसतो. लोक फोटोसाठी त्यावर उतरतात. हिमनद्यांनी दळलेला तो अतिशय बारीक गाळ असतो, त्यात पाय धरला जातो, आणि भरती फार जोरात येते. तिथे कुठल्याही ऋतूत उतरू नये.

आपल्याला माझी एक विनंती आहे. हिवाळी सहलींवरच्या लेखांसोबत चार गोष्टी छापत चला. कुठल्या महिन्यातले वर्णन आहे, त्या महिन्यात सूर्य कधी मावळतो, पायात काय हवे, आणि वाटेवर हिमस्खलनाचा उतार आहे का. पुरवणीत एवढी जागा नक्की निघेल. छायाचित्राखाली महिना छापला तरी निम्मे काम होईल. आणि फ्लॅटटॉपवरच्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्याच अंकात करावी, कारण हिवाळ्याची तिकिटे लोक आत्ताच काढत आहेत.

आपली,
अँकरेज (अलास्का) येथील एक वाचक